आईच्या हनुवटीवरचा डाग

आई गेली तेव्हा शर्वरी आणि निनाद फार लहान होते. आता तिचं तैलचित्र करायचं म्हणून त्यांनी तिचा उरलेला एकुलता एक व्हिडिओ लावला. शर्वरीच्या मोबाइलवर आईच्या हनुवटीवरचा भाजल्याचा डाग डावीकडे होता, निनादच्या लॅपटॉपवर उजवीकडे. व्हिडिओ आता ज्या नव्या फॉरमॅटमध्ये होता, तो चेहरा साठवत नसे. प्रत्येक यंत्र चेहरा अंदाजाने नव्याने काढी.

"बाबा, मूळ व्हिडिओ कुठंय?" शर्वरीने विचारलं.

"तो कशावरच चालेना. नव्या फॉरमॅटमध्ये बदलून घेताना स्क्रीनवर 'जुना पुसू का?' असं विचारलं. मी हो म्हटलं."

"मग तुम्हीच सांगा, डाग कुठे होता?"

तेल उडालं तेव्हा बाबांनीच तिथे कोरफड लावली होती. त्यांनी हात उचलला, तिच्या हनुवटीच्या उंचीपर्यंत नेला, आणि तो हवेतच राहिला.

"मी रोज टीव्हीवर बघतो तिला," ते म्हणाले. "तिथे डागच नाही."