न फोडलेलं पाकीट

"अहो, बायकोची माफी मागताना कुणी असं पोट आत ओढून उभं राहतं का?" शोभना म्हणाली आणि मोबाइलवर शूटिंग करणारी त्यांची लेक भार्गवी खदखदून हसली.

"पापा, नॉर्मल खडे रहो ना यार!"

एकनाथने पोट सोडलं. चंदीगडच्या मराठी मंडळाच्या लघुपट स्पर्धेसाठी हवाई दलातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने विषय निवडला होता पाप, प्रायश्चित्त आणि आत्मशोध. नवरा, बायको आणि एक पत्र. सेट म्हणजे एयरोसिटीतल्या स्वतःच्याच फ्लॅटचा हॉल.

"आत्मशोध लागला की हाक मारा, तोवर मी कुकर लावते," शोभनाचं सकाळपासून चाललं होतं.

कथा त्याची स्वतःचीच होती, हे मात्र फक्त त्यालाच ठाऊक होतं. तीस वर्षांपूर्वी पुण्याच्या एका नाट्यशाळेचं पाकीट शोभनाच्या नावाने आलं. नवं लग्न, त्यात चंदीगडला बदली. ही पुण्यातच राहिली तर, या भीतीने त्याने ते ट्रंकेच्या तळाशी दडवलं. फोडलं मात्र नाही. न वाचता पाप निम्मं होतं, अशी त्याची समजूत. शोभना महिनाभर पोस्टमनची वाट पाहून गप्प झाली. पुढे ती दर गणपतीत मंडळाच्या नाटकात काम करायची आणि हा पहिल्या रांगेत बसून मान खाली घालायचा. तोंडाने सांगायचं धैर्य कधी झालं नाही, म्हणून हा सिनेमा.

"लास्ट शॉट." भार्गवी आईच्या मागे जाऊन उभी राहिली. "ॲक्शन!"

एकनाथने खरं पाकीट पुढे केलं. "शोभना, हे तुझं आहे. मी लपवलं होतं. खरंच लपवलं होतं."

शोभनाने पत्ता पाहिला, शिक्का पाहिला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने पाकीट फोडून कागद वाचला. एकनाथचा जीव टांगणीला लागला.

आणि ती हसत सुटली. "अहो, नापास केलंय मला! 'आपली निवड होऊ शकली नाही, क्षमस्व.' हे उराशी घेऊन बसलात तीस वर्षं? उपकारच केलेत. तेव्हा वाचलं असतं तर रडून घर डोक्यावर घेतलं असतं मी!"

एकनाथ आधी रडला, मग हसला, मग हॉलमध्ये चक्क नाचला. शोभना शिरा करायला आत गेली.

भार्गवी सोफ्यावर बसून शूटिंग पाहू लागली. आईच्या खांद्यावरून घेतलेला शॉट तिने थांबवला आणि दोन बोटांनी मोठा केला. कागदावर टाइप केलेलं स्वच्छ दिसत होतं: 'आपली निवड झाल्याचे कळवण्यास आनंद होत आहे.'