नमुन्याची पत्रिका

चिरागने पत्रिका पुसली आणि मग कपाळावरचा घाम पुसला.

गास गावाची ही वेबसाइट त्यानेच हौसेने बांधलेली. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, वाचनालय उघडलं की नाही, असल्या बातम्या तो तिथे टाकायचा. आज 'शुभकार्य' नावाचा नवा विभाग करायचा होता. विभाग कसा दिसतो ते बघायला नमुन्याची एक लग्नपत्रिका हवी, आणि पत्रिकेला नावं हवीत. वराच्या जागी त्याने स्वतःचं नाव घातलं. घरचंच काम, त्यात काय मोठंसं! वधूच्या जागी मात्र बोटांनी त्याला न विचारता लिहून टाकलं, 'चि. सौ. कां. रिद्धी, दिवाकर आणि मालन यांची कन्या'.

तेवढ्यात आईची हाक आली. "चिराग, जेवन निवतंय रे! पानी घे नि बस बघू!"

सत्यवतीबाईंच्या दुसऱ्या हाकेची वाट बघायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. त्याने घाईघाईत 'सेव्ह' समजून 'पब्लिश' दाबलं आणि उठला. बोंबलाचं कालवण ओरपून, बोटं चाटत परत येतो तो काय, पत्रिका साइटच्या पहिल्याच पानावर झळकतेय!

पुसली लगेच. कुणी बघितली नसणार, त्याने मनाची समजूत घातली. साइट बघतो कोण? अख्खं गाव व्हॉट्सअॅपवर पडलेलं असतं.

आणि मग त्याला आठवलं. एक माणूस होता. तोही नेमका रिद्धीचा बाप.

दिवाकरकाकांनी गावाचा ग्रुप केव्हाच सोडला होता. "माझ्या वाडीत सोनचाफा फुलतो. सकाळी उठून मोबाइलमधली फुलं कशाला हुंगू?" असं सगळ्यांना ऐकवून सोडला होता. मग चिरागनेच त्यांच्या टॅबवर फीड रीडर घालून दिला. फुलबाजाराचे भाव, हवामान, दोन वर्तमानपत्रं आणि गावाची साइट. कुठेही नवीन काही आलं की ते आपसूक तिथे येऊन बसायचं, दारोदार हिंडायला नको. वर चिरागने छाती फुगवून सांगितलंही होतं, "आणि काका, एकदा इथे आलं ना, की तिकडून त्यांनी उडवलं तरी तुमच्याकडे राहतं!"

स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, तो असा.

रिद्धीला विचारायचं तो गेल्या उन्हाळ्यापासून आजचं उद्यावर ढकलत होता. तिची माणसं वाडीवाली, याची खाडीकडची भातशेतीवाली. एकमेकांच्या पंगतीला जेवत, अडीअडचणीला धावत, पण सोयरिकीचा विषय या दोन घरांत कधी निघाला नव्हता. काका भडकले तर त्या ओट्याची पायरी कायमची बंद होणार. मग विचारायचं कुणाला नि कसं?

त्याने स्कूटर काढली आणि तडक काकांचं घर गाठलं.

काका ओट्यावर टॅब मांडीवर घेऊन बसले होते. मागच्या वाडीतून रिद्धीचं गुणगुणणं ऐकू येत होतं. बिचारीला काहीच ठाऊक नाही, असं वाटून चिरागला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, टॅब द्या जरा. अपडेट करायचाय."

"बस."

"दोन मिनिटांचं काम आहे, काका."

"बस म्हटलं ना!"

चिराग कडेला टेकला. काकांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि त्याच्याकडे वरून बघितलं.

"पत्रिका वाचली मी."

"काका, ते चुकून झालं. आईशप्पथ."

"चूक तर आहेच!" काकांचा आवाज चढला. "मामाचं नाव कुठंय त्यात? आगाशीचा मामा रुसला, तर पोरीला मांडवात कोण आणणार? तू?"

चिरागला आधी कळेना. कळलं तेव्हा खरं वाटेना. काका मिशीतल्या मिशीत हसत होते, आणि आत मालनकाकूंना नेमका तेव्हाच खोकला सुटला होता. खोकला कसला, हसूच ते. चिरागला एवढा आनंद झाला की उठून काकांना मिठी मारावी. तो अर्धा उठलाही. पण रिद्धीची आठवण झाली आणि परत खाली बसला.

"पण काका, मी तिला अजून विचारलेलंच नाही," तो हळूच म्हणाला. "तिला नाही आवडलं तर? तिने बघायच्या आत काढून टाकू या ना."

काकांनी टॅब त्याच्या हातात दिला. सगळ्यात वर त्याचीच पत्रिका होती आणि तिच्या शेजारी एक पिवळी चांदणी चमकत होती. आवडलेलं कायमचं जपून ठेवायचं असलं की लावतात, ती.

"अहो काका, ही चांदणी कशाला लावलीत?"

"मी?" काका म्हणाले. "मला उघडता येतं नि वाचता येतं, बस. चांदणीबिंदणी सगळं पोरीकडे. तिच्या मोबाइलवर नि या टॅबवर खातं एकच आहे ना! मी दुपारचा झोपून उठलो, हे उघडलं, तेव्हा चांदणी लागलेलीच होती."