सैल दोरी

उंच इमारतींना दोराला लटकून रंग देणे हा माझा व्यवसाय असल्याने दोर सैलावला म्हणजे मृत्यू, हे मुठीत भिनलेले होते. त्यामुळे समोरून दुसरा श्वान दिसताच मी आमच्या ढब्बूची दोरी घट्ट ओढीत असे आणि तो पिसाळल्यागत भुंकत असे. "पुन्हा भुंकला तर कुत्र्याला इथे थारा नाही," सोसायटीच्या सचिवांनी निक्षून बजावले. कन्या हसून म्हणाली, "बाबा, दोराला लटकलेले तुम्ही असता, ढब्बू नाही! तुम्ही ओढता म्हणून तो घाबरतो." दुसऱ्याच दिवशी वळणावर प्रत्यक्ष सचिवच आपल्या कुत्रीसह समोर ठाकले. सवयीने मूठ आवळली गेली. तथापि मी निश्चयपूर्वक मूठ ढिली केली. दोरीला झोळ पडला. ढब्बू माझ्याकडे पाहून मुकाट्याने चालू लागला. "आज हा आजारी आहे का?" सचिवांनी विचारले. "नाही साहेब, आज मी बरा आहे."