चिमटा

ऐक, नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस.

आपली लॅबवाली ताई आहे ना, ती भाजलेल्या लोकांसाठी काचेच्या बशीत कातडी वाढवते. अगदी वरचा, कागदासारखा थर. त्यातल्या पेशींचं काम एकच, एकमेकींना घट्ट धरून बाहेरचं बाहेर ठेवायचं. त्या थरात नसच नसते, त्यामुळे त्याला दुखत-खुपत नाही.

या खेपेला बशीत तिच्याच धाकट्या बहिणीच्या पेशी होत्या, पाठ भाजलेली ना तिची. ताईनं चिमट्यानं कातडीची कड उचलली, तोच वॉर्डातून धाकटीचा फोन.

"ताई, चिमटे कशाला काढतेस गं?"

"अगं बये, मी दोन मजले खाली आहे!"

ताई हसली. पुन्हा कड उचलली. पुन्हा फोन.

सोमवारी धाकटी गेली. ताई रडलीच नाही, नुसती बधिर. मंगळवारी कामावर हजर. उरलेली कातडी जंतुनाशकात बुडवून टाकायची, असा नियम. तिनं चिमट्यानं कड उचलली.

फोन वाजला. धाकटीचाच नंबर. आणि धाकटीचा फोन तर ताईच्या पर्समध्ये, बंद करून ठेवलेला.

चिमट्यात कातडी, खाली जंतुनाशकाचं भांडं, फोन वाजतोच आहे. तू असतीस तर काय केलं असतंस?