हिरवा दिवा

वक्त्याचं संशोधन जगात नवं असेपर्यंतच व्यासपीठावरचा हिरवा दिवा जळायचा. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या सेमिनारमध्ये आज संशोधक विद्यार्थिनी रेणुकाने, तिला शिकवलं होतं त्याप्रमाणे, आधी आपला प्रश्न मांडला. सभागृहातल्या यंत्राने तो ऐकला, सोडवला आणि तिची उत्तराची स्लाइड येण्याआधीच दिवा विझला. रिवाजाप्रमाणे ती "धन्यवाद" म्हणून खाली बसली. तीन वर्षांच्या कामाला चाळीस सेकंद पुरले.

पुढचं नाव तन्वीर मुजावरचं होतं. वहीला कान नसतात, एवढ्याच भरवशावर त्याने चार वर्षं सगळं हाताने लिहिलं होतं. विषय त्याच्या गाईडना, घैसास मॅडमनाही ठाऊक नव्हता. कुठेही बोललं की यंत्राच्या कानावर जायचंच.

तो माइकसमोर उभा राहिला. दिवा लागला. पहिलं वाक्य ओठांवर आलं आणि त्याने ते गिळलं. मग तो गप्पच राहिला. सुरुवातीला मागच्या बाकांवर कुजबुज झाली, हळूहळू तीही थांबली. वीस मिनिटांनी घंटा वाजली तेव्हा दिवा जळतच होता. सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. रेणुका तर रडत होती.

घैसास मॅडम जवळ आल्या. "बारा वर्षांत हा दिवा शेवटपर्यंत टिकलेला पाहिला नव्हता रे," त्या म्हणाल्या. मग त्याच्या कानाशी वाकून त्यांनी अगदी हळू विचारलं, "प्रश्न काय होता?"

तन्वीरने दिव्याकडे पाहिलं, वही छातीशी घट्ट धरली आणि नकारार्थी मान हलवली.