घाटातलं गुळाचं पाणी

डोंगरातल्या गरीब मुलांच्या शाळेसाठी दरवर्षी निघणाऱ्या बोगोता ते मेदेयीन सायकलफेरीत मारिसेला यंदा पहिल्यांदाच उतरली. सायकल वडिलांची, एलियोदोरो मास्तरांची होती. ते जानेवारीत गेले. दरवर्षी ते तिला म्हणायचे, "चल ना गं एकदा," आणि तिला कधी सवड झाली नाही.

लेत्रासच्या घाटात धुकं दाटलं म्हणून तिने वळणावर घंटी वाजवली, तशी टपरीतून एक म्हातारी चाचपडत बाहेर आली.

"घंटीवरूनच ओळखलं! काय मास्तर, यंदा फार रडतखडत आलात. तुम्ही म्हातारे झालात की सायकल?"

म्हातारीचे डोळे मोतीबिंदूने पांढरे झाले होते. मारिसेलाने सायकल कठड्याला टेकवली. म्हातारीने कठड्यावर गुळाच्या गरम पाण्याचा पेला ठेवला. मग त्याच्या शेजारी आणखी एक ठेवला.



"हा तुमच्या लेकीचा. दरवर्षी म्हणता, मागून येतेय, आणि निवल्यावर तुम्हीच पिऊन टाकता. आज तरी पोचेल का हो ती?"