टाकळा

परळच्या कॉलेजातल्या पोरांना गिरणगावाची भूक दिसली, म्हणून त्यांनी इस्त्रीच्या खाकी चड्ड्या चढवल्या आणि कोबीसाठी आवारातली जमीन साफ करायला घेतली. एकेक रोप अशा थाटात उपटलं, जणू भूकच मुळासकट निघाली. सुभद्रा कुंपणापाशी रिकामी टोपली घेऊन उभी होती. नवरा संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात. पंधरा दिवस तिची पोरं इथंच आपसूक उगवलेल्या टाकळ्याच्या रानभाजीवर जगत होती. तो कोवळा टाकळा आता चिखलात पडला होता आणि त्यावरून बूट मिरवत होते. एक चष्मेवाला वही घेऊन पुढं आला. “बाई, भुकेल्यांच्या यादीत तुमचं नाव घालतो. एवढं रान काढलं की तीन महिन्यांत कोबी!” आत शिरून, टोपलीभर टाकळा वेचून मगच सुभद्रा म्हणाली, “तुझाच नाव घाल रे झिला. जेवाण पायाखाली तुडवतस, तरी तुका वळखूक येना नाय!”